‘सर, हा खरा होता का?’ : इतिहासाचे थीम पार्क उभारणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शिवसृष्टी, दुर्गसृष्टी, ग्रामसंस्कृती उद्याने आणि ऐतिहासिक थीम पार्क यांचे निर्णय घेणारे लोकप्रतिनिधी, पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभागांतील अधिकारी, महापालिका, न्यास आणि त्यांचे आराखडे काढणारे वास्तुविशारद

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे इतिहास आणि भूगोल शिकवला. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वर्षी डिसेंबर-जानेवारीत मुलांना घेऊन सहलीला गेलो. किल्ले झाले, धरणे झाली, संग्रहालये झाली, आणि मुलांच्या हट्टामुळे पाळण्यांची, पाण्याच्या घसरगुंड्यांची उद्यानेही झाली. या पत्रात जे लिहितो आहे ते त्या सहलींतून गोळा झालेले आहे.

एका वर्षी नववीचा वर्ग खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणूक उद्यानात नेला होता. तिथे राजासॉरसची एक सफर आहे. होडीत बसायचे, डायनासोरांच्या मधून अंधारात जायचे आणि शेवटी उंचावरून धाडकन खाली पाण्यात यायचे. मुले किंचाळत गेली आणि चिंब भिजून हसत बाहेर आली. शर्ट पिळता पिळता त्यातल्या एकाने मला विचारले, ‘‘सर, हा खरा होता का?’’

वर्गात ३१ वर्षे मला वेगळा प्रश्न ऐकायला मिळत असे, ‘‘सर, हे परीक्षेला येणार का?’’ त्या दिवशी तो कुणीच विचारला नाही. मी सांगितले, की हो, खरा होता. आणि परदेशातला नव्हे, आपल्याकडचाच. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली नावाचे गाव आहे, तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांत त्याची हाडे मिळाली आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळाले. डोक्यावर शिंगासारखा उंचवटा होता. नावातला राजा म्हणजे आपला राजाच, आणि नर्मदेच्या खोऱ्यातला म्हणून नर्मदेन्सिस. परत येताना एसटी बोरघाट चढू लागली तेव्हा मी मुलांना खिडकीबाहेरचा काळा कातळ दाखवला. हा सगळा लाव्हा आहे, एकावर एक थर चढलेला, आणि तो साधारण त्याच काळात, साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागे, बाहेर पडला. आपले बहुतेक किल्ले याच दगडात उभे आहेत. दमून झोपायची वेळ झालेली मुले लोणावळा येईपर्यंत प्रश्न विचारत होती.

त्या सफरीने मुलांना काहीच शिकवले नव्हते. तिथे कुणी व्याख्यान दिले नाही. पण ज्या प्राण्याने त्यांना घाबरवले तो खरा होता, आणि म्हणून त्यांच्या प्रश्नाला उत्तर होते. नुसता कल्पनेतला राक्षस असता तर ‘नाही रे, खोटा आहे’ एवढ्यावर विषय संपला असता.

हे आत्ताच सांगायचे कारण आपल्याला ठाऊक आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा आपल्या राज्यातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्याआधीपासूनच शहराशहरांत शिवसृष्टीची मागणी होती. पुण्याजवळ आंबेगावात २१ एकरांवर ती उभी राहते आहे आणि तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला खुलाही झाला. आता तर प्रत्येक जिल्ह्याला आपले काहीतरी हवे आहे. अशाच एका प्रस्तावाच्या बैठकीला मला जाणकार म्हणून बोलावले होते. दोन तास चर्चा एकाच मुद्द्यावर अडली. काहीजण म्हणत होते की लोकांना ज्ञान मिळाले पाहिजे, नाहीतर सरकारी पैसा कशाला. बाकीचे म्हणत होते की लोक सुट्टीला मजा करायला येतात, शाळेत बसायला नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा : अर्धी जागा पाळण्यांना आणि अर्धी माहितीफलकांना. मला त्या तोडग्याचे फार वाईट वाटले. त्याच रात्री हे पत्र लिहायचे ठरवले.

आधी निव्वळ करमणुकीच्या उद्यानांबद्दल. त्यांना शिकवायची सक्ती करू नये असे मला मनापासून वाटते. माझ्या लहानपणी गावच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा. दोन माणसे हाताने फिरवायची. वर गेल्यावर देवळाचा कळस खाली दिसायचा आणि पोटात गोळा यायचा. त्या गोळ्यासाठी आम्ही वर्षभर पैसे साठवायचो. त्यातून काय शिकलास असे मला कुणी विचारले नाही आणि विचारायलाही नको होते. मुंबईत १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा चाळीतून, वसाहतीतून, गावाकडून माणसे मुलांना घेऊन तिथे गेली. वर्षातला एक दिवस. रोज बारा तास राबणाऱ्या बापाने मुलाला खांद्यावर घेऊन दिवसभर हसवले, तर त्या दिवसाकडून आणखी काही मागायचा हक्क कुणालाही नाही. अशा उद्यानाने दोनच गोष्टींची हमी द्यावी, पाळणा सुरक्षित असेल आणि पिण्याचे पाणी स्वच्छ असेल.

पण आपण जेव्हा दारावर शिवछत्रपतींचे नाव लिहिता, एखाद्या किल्ल्याचे नाव लिहिता, ‘मराठी खेडे’ असे लिहिता, तेव्हा गोष्ट बदलते. लोक त्या नावावर विश्वास ठेवून आत येतात. आत जे दिसेल ते त्यांच्या मनात पुस्तकापेक्षा खोल उतरते, कारण ते डोळ्यांनी पाहिलेले असते.

घोरपडीचे उदाहरण घ्या. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाण्यावर चढाई केली. मराठी मुलाला ही गोष्ट माहीत नाही असे होत नाही, आणि त्यात यशवंती घोरपड हमखास असते. ही घोरपड आपल्याला पोवाड्याने दिली. शाहिराने ती अशा ताकदीने उभी केली की साडेतीनशे वर्षे ती कड्याला चिकटून बसली आहे. आता समजा, आपल्या पार्कमध्ये कोट्यवधी खर्चून एक यांत्रिक घोरपड सरसर कडा चढताना दाखवली. त्यानंतर कुठलाही शिक्षक मुलाला पटवून देऊ शकणार नाही की ही पोवाड्यातली गोष्ट आहे. मूल म्हणेल, ‘‘सर, मी बघितलीय.’’

म्हणजे घोरपड काढून टाका असे मी म्हणत नाही. ती काढली तर पोवाडाच जाईल, आणि पोवाडा हाही आपला इतिहासच आहे. तिथे जिवंत शाहीर उभा करा. डफ, तुणतुणे, मागे झीलकरी. कडकडीत पोवाडा होऊ द्या, घोरपडीसकट. मुलांच्या अंगावर काटा येऊ द्या. आणि पोवाडा संपला की त्याच शाहिराने सांगावे, ‘‘हे आम्हा शाहिरांचे गाणे. आता बाहेर या, कडा दाखवतो. घोरपडीशिवाय कसे चढाल ते तुम्हीच सांगा.’’ बाहेर पंधरा-वीस फुटांची कातळभिंत असावी, कमरेला दोर, खाली जाळी, शेजारी जाणकार प्रशिक्षक. ज्या मुलाची बोटे त्या भिंतीवर थरथरली, त्याला माघातल्या काळ्या रात्रीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

फलकांबद्दल मला माझी चूकही सांगितली पाहिजे. कितीतरी वर्षे मी मुलांना प्रत्येक ठिकाणी वही काढून ‘लिहून घ्या’ म्हणत असे. एका उद्यानात सगळी मुले फलकांपुढे उकिडवी बसून सनावळ्या उतरवत होती आणि त्यांच्या पाठीमागे एक म्हातारे गृहस्थ खऱ्याखुऱ्या जात्यावर दळून दाखवत होते. एकाही मुलाने मागे वळून पाहिले नाही, कारण मास्तरांनी लिहून घ्यायला सांगितले होते. सहलीनंतर निबंध लिहायला दिला तर सगळ्यांच्या वहीत तेच तेच. पुढच्या वर्षीपासून मी वह्या बसमध्येच ठेवायला लावल्या. शिक्षण म्हणजे फलक ही आपल्या खात्यांची, आणि आम्हा शिक्षकांचीही, जुनी सवय आहे. ती मोडल्याशिवाय आपले पार्क बोलू लागणार नाहीत.

किल्ल्यात मुळातच इतकी मजा भरलेली आहे की बाहेरून आणायची गरज नाही. पाण्याचेच घ्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभाराविषयी जे आज्ञापत्र लिहिले, त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावे असे सांगितले आहे. पाणी नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर खडक फोडून टाकी करावीत. एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून दोन-चार टाकी जास्तीची राखावीत. या चार वाक्यांत अख्खा खेळ आहे.

आम्ही तो एकदा खेळलो. एका गडावरच्या कोरड्या टाक्यात मुलांना उतरवले आणि मोजपट्टी दिली. प्रश्न असा : गडावर ३०० माणसे आहेत. दसऱ्यानंतर पाऊस नाही, तो थेट मृगात. धरून चाला २४० दिवस. माणशी रोज दहा लिटर. किती मोठे टाके लागेल? मुलांनी दगडावर खडूने गुणाकार मांडला. सात लाख वीस हजार लिटर. बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद, पाच मीटर खोल. मग ते टाके मोजले आणि ते फारच लहान निघाले. त्यावर जी चर्चा झाली ती मी जन्मभर विसरणार नाही. एक मुलगी म्हणाली, सर, घोडे धरलेच नाहीत. दुसरा म्हणाला, मग दहा लिटर जास्त आहेत, आमच्याकडे टँकर येतो तेव्हा आम्ही पाचात भागवतो. माण तालुक्यातला मुलगा होता तो. तिसऱ्याने विचारले, टाके खणून निघालेला दगड कुठे गेला? मी काही न बोलता समोरच्या तटाकडे बोट दाखवले. तिथल्या तिथे दगड काढायचा, तट बांधायचा आणि उरलेल्या खड्ड्यात पाऊस साठवायचा. वर्गात शांतता असते तशी नव्हे, काहीतरी उमगल्यावर होते तशी शांतता पसरली.

हे पार्कमध्ये करता येते. उघडे टाके, पाण्याची पातळी दाखवणारी खूण, रहाट, पखाल आणि मुलांच्या दोन तुकड्या. वेढा पडला आहे, पाणी वाटायचे आहे, कुणाला किती द्यायचे ते ठरवा. दाराचेही तसेच. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा घेतला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. त्याला गोमुखी बांधणी म्हणतात हे मुले पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी तशी वळणदार वाट बांधा, दहा मुलांच्या हातात एक ओंडका द्या आणि सांगा, दार फोडा. वळणात ओंडकाच वळत नाही, धावत यायला जागा नाही, आणि वरच्या जंग्यांतून, म्हणजे मारा करायला तटात ठेवलेल्या भोकांतून, बाकीची मुले कापडी चेंडू मारत आहेत. पाच मिनिटांत बांधणी कळते आणि हसून हसून पुरेवाट होते. आता यात शिक्षण कुठे आणि करमणूक कुठे, अशी जागेची अर्धी-अर्धी वाटणी करून दाखवा.

आपल्याकडे हे नवे नाही. कीर्तनकार बुवांना शतकानुशतके ठाऊक आहे की देवळात आलेली बरीच मंडळी आख्यानासाठी बसलेली असतात. म्हणून पूर्वरंगात अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. पण चांगला बुवा आख्यान असे निवडतो की त्याच्या शेवटी पूर्वरंगातला तोच अभंग परत येतो आणि श्रोत्याला वाटते, अरे, हे तर मघाशी सांगितले होते! आख्यान आणि अभंग यांचा सांधा जुळला नसेल तर दोन्ही लटकी पडतात. दिवाळीतला किल्लाही तसाच. माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले अळीव. मुलांना कुणी सांगत नाही की हा अभ्यास आहे, पण बुरूज ढासळला की पाया रुंद लागतो हे त्यांना समजते.

ग्रामसंस्कृतीच्या उद्यानांबद्दल मात्र मला अधिक गंभीरपणे बोलायचे आहे. ही कल्पना मुळात फार सुंदर आहे. स्वीडनमध्ये आर्टूर हाझेलियस नावाच्या गृहस्थांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कानसेन सुरू केले. यंत्रयुगात नाहीशी होणारी खेड्यातली घरे देशभरातून उचलून आणली, पुन्हा उभारली आणि त्या घरांत कामे करणारी माणसे ठेवली. जगातल्या अशा खुल्या संग्रहालयांनी तिथून धडे घेतले. आपल्याकडेही बारा बलुतेदारांचे पुतळे करून खेडे उभे केलेली ठिकाणे आहेत. कारागिरी थक्क करणारी असते. कुंभाराच्या बोटांवरचा चिखलसुद्धा ओला वाटतो.

अशाच एका ठिकाणी मी सातवीची मुले नेली होती. पाटलाचा वाडा, सुताराचा नेट, लोहाराचा भाता, नदीवर धुणे धुणाऱ्या बायका, पारावर गप्पा. सगळीकडे सुबत्ता आणि प्रेम. एक मुलगी बराच वेळ फिरली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘सर, यात आमचं घर कुठंय?’’

मला उत्तर देता आले नाही. तिचे घर गावकुसाबाहेर होते. तिच्या पणजोबांनी त्या पाटलाच्या वाड्यापुढून जाताना काय सोसले असेल ते त्या खेड्यात कुठेच नव्हते. तिचा पाणवठा वेगळा होता, तो नव्हता. राजासॉरसबद्दल विचारलेल्या प्रश्नासारखाच हाही प्रश्न होता, हे खरे होते का? आणि त्या देखण्या खेड्याकडे त्याचे उत्तर नव्हते. सुट्टीच्या दिवशी लोकांना दुःख का दाखवायचे, असे त्या बैठकीतही कुणीतरी म्हणाले होते. मी म्हणतो, दाखवा. ज्या गावात दोन पाणवठे होते तिथे दोन दाखवा. त्या मुलीला तिचे घर सापडले पाहिजे, आणि पाटलाच्या घरातून आलेल्या मुलालाही ते सापडले पाहिजे. सहलीचा दिवस त्याने खराब होत नाही. मुले आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप मोठी असतात.

पुतळ्यांऐवजी, जिथे जमेल तिथे, माणसे ठेवा ही विनंतीही त्यातच आली. सिमेंटचा कुंभार प्रश्नाला उत्तर देत नाही. जिल्ह्यात आजही चाक फिरवणारे कुंभार आहेत, छिन्नी चालवणारे वडार आहेत, कोल्हापुरात मर्दानी खेळांचे आखाडे आहेत. त्यांना वर्षभराचा पगार द्या, सणापुरते मानधन नको. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मुले तासन्‌तास का रमतात? कारण तिथे कळ दाबता येते, चाक फिरवता येते, चुकता येते. आपल्या ऐतिहासिक ठिकाणी पहिली पाटी ‘हात लावू नये’ अशी असते.

आता खर्चाचे. उद्घाटनाला पैसा मिळतो, पुढच्या दहा वर्षांना मिळत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डिस्ने कंपनीने १ ऑक्टोबर १९८२ रोजी एपकॉट हे उद्यान उघडले. ऊर्जा, दळणवळण, शेती, भविष्यातले जगणे यांची दालने, करमणुकीतून माहिती द्यायची अशी मोठी महत्त्वाकांक्षा. दालनांना बड्या कंपन्यांचे प्रायोजकत्व होते. काळ पुढे गेला, माहिती जुनी झाली, प्रायोजक गेले. ऊर्जेचे दालन २०१७ मध्ये बंद पडले आणि २०२२ मध्ये त्या जागी अंतराळातल्या चित्रपट-नायकांची रोलर कोस्टर आली. लोकांना शिकायचे नव्हते म्हणून असे झाले, असा निष्कर्ष काहीजण काढतात. मला तो पटत नाही. जे दालन वर्षानुवर्षे ताजे केले जात नाही ते शाळेतल्या फाटक्या नकाशासारखे होते. त्याच्याकडे कोण पाहील?

इतिहास तर जुनाच असतो, त्याला ताजे काय करायचे, असे कुणी म्हणेल. शिवाजी महाराजांची जन्मतिथीच पाहा. आमच्या शिक्षकांच्या पिढीने १६२७ शिकवले. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी नोंद मिळाली, संशोधकांनी अनेक वर्षे वाद घातला, आणि या शतकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. पन्नास वर्षांपूर्वी कुणी काळ्या दगडात कोरून ठेवले असते तर तो दगड बदलावा लागला असता. म्हणून दगडात कमी कोरा. आणि तारीख बदलली कशी, हीच गोष्ट एका दालनात सांगा. दोन कागद, दोन तारखा, कोणता कागद कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कुणावर विश्वास ठेवायचा? मुलांना हेरगिरी आवडते. इतिहास संशोधन ही त्याच जातीची गोष्ट आहे.

ठाम माहिती नसेल तिथे तसे सांगितल्याने लोक निराश होतात ही भीतीही सोडा. आमच्या साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे आली. महाराजांनी अफजलखानाविरुद्ध वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे. तरी माणसे पाहायला गेली. मीही गेलो, काचेपुढे उभा राहिलो आणि मन भरून आले. शंका आणि आदर एकाच वेळी मनात राहू शकतात, मराठी माणसाला एवढे जमते.

जागेबद्दल एकच मागणे. खऱ्या किल्ल्याच्या अंगावर किंवा अगदी पायथ्याशी पार्क उभारू नका. याच डिस्नेने नोव्हेंबर १९९३ मध्ये व्हर्जिनिया राज्यात अमेरिकेच्या इतिहासावरचे मोठे उद्यान जाहीर केले होते. ती जागा मनॅसस या यादवी युद्धाच्या रणभूमीपासून काही मैलांवर होती. नामवंत इतिहासकार विरोधात उभे राहिले, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने त्या जागेचा नाद सोडला. आपल्या बारा किल्ल्यांना आता जगाचा शिक्का आहे. गडाखाली लेझरचे झोत आणि ध्वनिक्षेपक लागले तर वर उभ्या असलेल्या माणसाला वाऱ्याचा आवाज ऐकू येणार नाही, आणि गडावरचा तो वारा कुठल्याही पार्कमध्ये तयार करता येत नाही. पार्क शहराजवळ असावे आणि तिथून निघताना मुलाला वाटावे की आता खरा गड पाहायलाच हवा. निघण्याच्या दारापाशी गडांना जाणाऱ्या एसटीचे वेळापत्रक लावता आले तर फार चांगले.

तिकिटाचा विचार करताना कृपया जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे ठेवा. सहलीची वर्गणी जाहीर झाली की वर्गातली पाच-सहा मुले ‘घरी लग्न आहे’ असे सांगतात. त्यांच्या घरी लग्न नसते. आणि मुलींसाठी पुरेशी, पाणी असलेली स्वच्छतागृहे आराखड्यात पहिल्या पानावर घ्या. ती नसतील तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, दुपारपर्यंत त्यांचे डोके दुखू लागते, आणि मग समोर कितीही सुंदर दालन असले तरी त्या सावलीत बसून राहतात. हे मी दरवर्षी पाहिले आहे.

माझी एक शेवटची विनंती आहे. आराखडा पक्का करण्याआधी आपल्यापैकी कुणीतरी, अधिकारी असोत, सल्लागार असोत किंवा लोकप्रतिनिधी, एकदा आमच्या सहलीला यावे. मी निवृत्त झालो असलो तरी शाळा मला अजून बरोबर नेते. येत्या डिसेंबरात आठवी आणि नववीची मुले राजगडला जाणार आहेत. गाडी पहाटे चारला शाळेपुढून सुटते. चटणी-भाकरीचा एक डबा जास्तीचा आणायला मुलांना सांगून ठेवतो. फक्त वही आणू नका. वर पद्मावती माचीवर पोचलो की मुले तुम्हाला प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे तुम्ही द्यायची आहेत, मी बाजूला बसणार आहे.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त इतिहास शिक्षक